आक्का, शेडमध्ये मी तसाच शिरलो

आक्का, तुला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि मी तुझ्यासाठी अजून धड रडलेलोसुद्धा नाही. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला हातात थर्मामीटर घेऊन एकेका डुकराच्या मागं उभा असतो. पाठचा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटते बघ. पण खरं सांगतो, तुझ्या दुःखाच्या आधी भीती घरात येऊन बसलीय आणि उठायचं नाव घेत नाही. जेवणावरनं मध्येच उठतो, सुनंदा बघते आणि मान खाली घालते.

ही भीती कसली, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही. अर्ध्या वाक्यात ओळखणारी तू एकटी होतीस. आणि ओळखल्यावर पहिली शिवी घालणारीही तूच. घाल. मी ऐकायला बसलोय.

त्या मंगळवारी सकाळी दाजींचा फोन आला. "संपतराव, तुमची आक्का गेली," एवढंच बोलले आणि फोन शेजाऱ्यांनी घेतला. मी खुळ्यासारखा विचारतोय, कुठं गेली एवढ्या सकाळी? सुनंदानं माझ्या हातातनं फोन काढून घेतला तेव्हा कळलं.

माहेरचं लुगडं न्यायचं होतं. सवाष्ण गेलीस म्हणजे हिरवं. पलूसच्या दुकानात सुनंदा तीन हिरव्या साड्या पुढ्यात घेऊन बसली, आणि तिला ठरवता येईना. तुला हिरवा कधी आवडला नाही. "मी काय पोपट हाय व्हय?" म्हणायचीस. दुकानदारानं विचारलं, "वयनी, कुणाला नेसवायची हाय?" सुनंदा म्हणाली, "नणंदेला. सातारला." तिच्या तोंडाकडं बघून त्याला समजलं. त्यानं स्वतःच एक उचलून दिली.

जीपमध्ये आम्ही पाचजण. मी, सुनंदा, आपले चुलते तात्या, काकू आणि बापू. आपल्या शिवाराच्या पलीकडचा बापू, ज्यानं माझं बघून डुकरं पाळली आणि जे शिकला ते तुझ्याकडनं शिकला. जीप निघताना तो वाटेतच उभा होता. "आक्काच्या मातीला मला न्हेत न्हाई व्हय रं?" म्हणून आत शिरला आणि मला चिकटून बसला. कराड येईपर्यंत तो रडत होता. माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून त्यानंच डोळे पुसले, नाक पुसलं. मला बरं वाटलं, आक्का. मला रडू येत नव्हतं, तर माझ्या वाटचं तो रडतोय असं वाटलं.

माहुलीच्या घाटावर तुला ते लुगडं पांघरलं. तिथलं मी काही लिहिणार नाही. तुला माहीत असेल तर असेल.

आता माझी चूक ऐक. जनावरांच्या रोगांवर काम करणारी तू, आमच्या भागातल्या डुकरवाल्यांना मारुतीच्या मंडपात बसवून काय सांगायचीस, ते सगळ्यांना पाठ आहे. "मातीवरनं आला की घरात शिरायच्या आदी काय करतासा? आंघोळ. कापडं भायेर, चपला भायेर. ह्ये कुणी शिकवाय लागतं का? मग तसंच जनावरांकडं जाताना करायचं. रोज समजायचं, आपुन मातीवरनंच आलोय." त्यावर बापू म्हणाला होता, "आक्का, रोज मराय माणूस कुठनं आणायचं?" आणि सगळा मंडप हसला होता. तूही हसलीस. पण दुसऱ्या दिवसापासनं प्रत्येकाच्या शेडपुढं चुन्याची रेघ आली, औषधाच्या पाण्याचा खड्डा आला, वेगळे गमबूट आले. कुठल्या सरकारी पत्रकानं झालं नसतं ते तुझ्या त्या एका बोलण्यानं झालं.

आणि तुझ्या खऱ्याखुऱ्या मातीवरनं मी परत आलो, तेव्हा काय केलं? परसात सुनंदानं आल्या आल्या बंब पेटवला, मी आंघोळीला म्हणून शर्टाची बटणं काढतोय, तेवढ्यात शेडमधनं ओरडा ऐकू आला. ती नवी मादी, पहिलटकरीण, दोन दिवस आधीच व्यायला लागली होती. एक पिल्लू अडकलं होतं. मी पळालो. चुन्याच्या रेघेवरनं उडी मारून, त्याच चपलांनी, त्याच कपड्यांनी. हातानं पिल्लू ओढून काढलं. श्वास घेईना, म्हणून खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याचं नाकतोंड पुसलं. त्याच टॉवेलनं एकामागनं एक नऊ पिल्लं पुसली. नऊच्या नऊ जगली. मला एवढं बरं वाटलं, की तुला फोन लावायला खिशात हात घातला.

मग परत येऊन घासून घासून आंघोळ केली. कपडे बाहेर टाकले, चपला बाहेर. घराला तुझं सुतक लागू नये म्हणून. घर संभाळलं गं आक्का मी, आणि शेडमध्ये तसाच शिरलो.

त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला साताऱ्याला आलो, तेव्हा बापू आला नाही. एवढा रडणारा माणूस आला कसा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधापर्यंत गेलो. तो शेडकडनं येत होता, मला बघून लांबच थांबला.

"काल आला न्हाईस?"

"जरा काम हुतं रं."

"कसलं काम?"

त्यानं खाली बघितलं. "दोन गेली, संपा."

"कवा?"

"सोमवारी सांच्याला एक. आन मंगळवारी सकाळी एक. कान लालभडक झालतं. पुरली आन आलो."

"पुरलीस आन तसाच जीपमदी येऊन बसलास?"

"हात धुतलं हुतं की! साबण लावून धुतलं. मग आक्काच्या मातीला न्हाई यायचं व्हय मी? तूच सांग गड्या, न्हाई यायचं?"

काय सांगू? तो आला नसता तर जन्मभर मीच त्याला बोललो असतो. मारायला उचललेला हात तसाच खाली आला.

"कुणाला बोलू नगंस," तो म्हणाला. "आज आक्का असती तर तिनं त्या नळ्यांतलं कायतरी टोचलं असतं."

"तिनं टोचलं नसतं."

"मग त्या नळ्या काय पूजंला ठेवल्यात का?"

आक्का, डुकरांच्या तापावरच्या औषधाच्या तुझ्या त्या नळ्यांवर आमच्या भागात लोकांचा देवावर नसेल एवढा विश्वास बसलाय. आणि तो बसवण्यात माझा वाटा मोठा. साताऱ्याला तुझ्या प्रयोगशाळेत जाऊन आल्यावर महिनाभर मी दुसरं काही बोललोच नाही. तू मला पांढरा कोट घातलास, डोक्यावर टोपी चढवलीस आणि म्हणालीस, "शेवटी फौजेतनं सुटून माज्या हाताखाली आलास बघ." मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलंस. खाली बशीत डुकराच्या पेशी होत्या आणि त्या हिरव्यागार चमकत होत्या.

"ह्यो खरा इषाणू न्हाई," तू म्हणालीस. "त्यो हितं आणाय परवानगी न्हाई, आन मी आणणार बी न्हाई. त्याचा एक तुकडा घेतलाय आन त्याला हिरवा दिवा बांधलाय. तुकडा काम कराय लागला की दिवा लागतो." मग दुसरी बशी ठेवलीस. तिच्यात अंधार. एखाद्या कोपऱ्यात एखादी पेशी मिणमिणत होती, तेवढंच.

"दिवा कुणी विझवला?" मी विचारलं.

तेव्हा तू जे सांगितलंस ते मी आजवर पन्नास जणांना सांगितलं असेल. विषाणू पेशीत शिरतो तो काही हातपाय घेऊन शिरत नाही, हुकूम घेऊन शिरतो. पेशी बिचारी कामसू, आलेला हुकूम वाचते आणि सांगेल ते बनवत बसते. आपण काय करायचं, तर त्या हुकमातल्या एका ओळीशी तंतोतंत जुळणारा आरएनएचा एक बारका तुकडा आत सोडायचा. कात्री पेशीची स्वतःचीच असते, आपण फक्त तिला कुठली ओळ कापायची ते दाखवायचं. कात्री तो तुकडा हातात धरते, जुळणारी ओळ शोधते आणि हुकूम फाडून टाकते. हुकूमच नाही तर विषाणूचा माल बनणार कसा? "आरएनए इंटरफिअरन्स म्हंत्यात ह्येला," तू म्हणालीस. "आपुन इषाणूला मारत न्हाई, त्याचं बोलणं मदीच तोडतो."

मला फौजेतली गोष्ट आठवली. आसामात असताना आमचा वायरलेस असाच बंद पडायचा आणि सगळी पलटण नुसती उभी राहायची. मी म्हणालो, "मग झालं की! उद्याच ह्या नळ्यांतलं माज्या दोन डुकरांना टोच."

आणि तिथनं आपलं भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही.

तुझं म्हणणं मला समजत नव्हतं असं नाही. माझ्याच डुकरांचं रक्त घेऊन गेली होतीस तू. त्यातलं पाणी वेगळं काढून त्यात तुझे तुकडे सोडलेस, तर काही मिनिटांत त्यांचा चुरा. "तुज्याच जनावरांचं रक्त खातंय माझं काम," तू म्हणालीस. मग तुकड्यांना चरबीच्या थेंबात गुंडाळलंस, तर ते टिकले, पण इंजेक्शन दिल्यावर ते जाणार यकृताकडं, आणि हा विषाणू बसणार रक्तातल्या दुसऱ्याच पेशींत. वर विषाणूनं त्या ओळीत एखादं अक्षर बदललं की आपला तुकडा फुकट. खऱ्या विषाणूवर बघायचं तर दुसऱ्या राज्यातल्या कडेकोट प्रयोगशाळेत नंबर लावायचा. तू नंबर लावला होतास. तू वाट बघायला तयार होतीस. मी नव्हतो.

मी कसा असेन? मागच्या साथीत माझी सगळी जनावरं गेली, तीही आजारी नसताना. आजारी शेडच्या आसपासची सगळी मारायची, असा नियम. जेसीबीनं माझ्याच उसाच्या रानात खड्डा काढला. तू साताऱ्याहून आली होतीस, खड्ड्याच्या कडेला उभी होतीस. सरकारी डॉक्टरांना तूच म्हणालीस, सुरू करा. मी सगळ्यांदेखत तुला म्हणालो, "ह्यांचीच माणूस तू. माझी कवाच नव्हतीस." वर्षभर मी तुझ्याशी बोललो नाही, राखीला आलीस तर रानात जाऊन बसलो. सुनंदानं नंतर सांगितलं, त्या खड्ड्यावरनं परत गेलीस आणि त्याच आठवड्यात त्या तुकड्यांचं काम हातात घेतलंस. मला तू स्वतः कधी सांगितलं नाहीस. आणि मीही कधी विचारलं नाही.

डुकरं पाळायची म्हटल्यावर आपल्या वडलांनी, आण्णांनी, घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा माझ्या बाजूनं कोण उभं राहिलं? "ऊसवाल्याच्या घरात डुकरं?" आण्णा ओरडत होते. तू शांतपणे भाकरी मोडत म्हणालीस, "आण्णा, तुमची म्हस काय गंगंत न्हाऊन येती व्हय?" आण्णांना ठसका लागला. त्या एका वाक्यावर माझा धंदा उभा राहिला आणि त्याचे आभार मी कधी मानले नाहीत.

उलट काय दिलं तुला? तू जायच्या दोन दिवस आधीचा फोन. मी पुन्हा तेच काढलं, टोच म्हणालो. तू नाही म्हणालीस. मी म्हणालो, "तुजी बशीतली डुकरं जगत्यात, आन आमची खड्ड्यात जात्यात. तुला काय, संशोधनाचा कागद छापून आला की झालं." मग विचारलंस, "डुकरांचा भरडा संपला का रं? पावसाच्या आदी भरून ठेव." आणि ठेवलास फोन. माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य भरड्याचं. मी त्याच रागात भरडा आणला नाही.

बापूच्या बांधावरनं परतलो आणि तेव्हापासनं मी घाबरलोय. तू म्हणायचीस, ताप आला, मर दिसली, म्हणजे जनावरं दगावायला लागली, की पहिला फोन सरकारी दवाखान्याला, भावाला नंतर. पण फोन केला तर काय होणार ते मी एकदा डोळ्यांनी बघितलंय. बापूचं नाव सांगितलं की गाडी त्याच्याकडं येणार आणि तिथनं माझ्याकडं. ती नऊ पिल्लं नुकती धावायला लागलीत. आणि नाही सांगितलं तर पुढच्या वस्तीवर जाणार, तिथनं त्याच्या पुढच्या. मी दोन्ही बाजूंनी विचार करत राहिलो आणि मधल्यामध्ये पाच दिवस गप्प बसलो. पाच दिवस, आक्का. फौजेत गोळी चालताना मी एवढा घाबरलो नव्हतो. तिथं गोळी कुठनं येणार ते तरी कळत होतं. इथं शेडचं दार उघडताना आधी कान देऊन ऐकतो, सगळी ओरडतायत ना. ओरडली की हायसं वाटतं. एखादं गप्प पडून राहिलं की काठीनं हलवून बघतो.

परवा मी दाजींना फोन केला. सात दिवसांचा विधुर माणूस तो, आणि मी त्यांना काय मागितलं? तुझ्या नळ्या.

दाजी म्हणाले, "फ्रीजरमध्ये आहेत. प्रयोगशाळेतले तिचे लोक देणार नाहीत, पण मी हात जोडून मागून बघतो. फक्त मला एवढं सांगा संपतराव, त्या टोचल्यावर काय होईल असं तुम्हाला वाटतं?"

"वाचतील," मी म्हणालो.

"असं ती म्हणाली होती?"

मला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई," मी म्हणालो. "रक्तात गेल्या गेल्या चुरा हुतो, म्हणाली हुती."

तेव्हा दाजी रडायला लागले. "मलाही वाटतं हो, की त्या नळ्यांत काहीतरी असेल," म्हणाले. "तिची एवढी वर्षं आहेत त्यांत. पण ती स्वतः म्हणायची, अजून नाही. मग आपण दोघांनी आहे कसं म्हणायचं?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की तुझ्या कामावर माझा विश्वास होता म्हणजे काय, तर मला सोयीचं तेवढं मी ऐकत होतो. तू नाही म्हणत होतीस तेही तुझंच काम होतं.

आज सकाळी त्या पहिलटकरणीनं खाद्याला तोंड लावलं नाही. पिल्लं लुचत होती आणि ती डोळे मिटून पडली होती. थर्मामीटर लावला. एकशे पाचच्या वर. पुसून पुन्हा लावला. तेवढाच. कान बघितले, अजून लाल नाहीत. वार आत राहिल्याचा ताप असेल, व्याल्यावर येतो कधी कधी. दुधाचा असेल. तू असतीस तर रक्त नेऊन सांगितलं असतंस. मी शेडमध्ये उकिडवा बसलो आणि खरंच सांगतो, मला पळून जावंसं वाटलं. सुनंदाला घेऊन कुठल्याही गाडीत बसावं आणि लांब जावं.

मग मी खिशातनं फोन काढला. तुझा नंबर लावायची सवय आहे, बोट तिकडंच गेलं. ते परत आणलं आणि सरकारी दवाखान्याला लावला. साहेबांनी नाव विचारलं, गाव विचारलं, जनावरं किती. आजूबाजूला कुणाकडं मर आहे का? मी म्हणालो, आहे. बापूचं नाव सांगितलं. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" ते म्हणाले. "पाच दिवस," मी म्हणालो. "गेटच्या बाहेर पडू नका, कुणाला आत घेऊ नका, आम्ही नमुने घ्यायला येतोय," एवढंच म्हणाले.

सुनंदाला मी बांधावरनंच ओरडून सांगितलं, तू तात्यांच्या घरात राहा, इकडं येऊ नको. ती तिथंच खाली बसली. बापूचे फोन येतायत, मी उचलत नाही. नमुन्याचा निकाल काय येईल ते मला माहीत नाही. आला तसा आला तर पुन्हा जेसीबी येईल, आणि या खेपेला कडेला तू नसशील. मग "सुरू करा" कोण म्हणणार? मलाच म्हणावं लागेल असं दिसतंय.

उद्या तुझा दहावा आहे, आक्का, आणि मी येणार नाही. माहेरचा भाऊ दहाव्याला नाही, लोक काय म्हणायचं ते म्हणतील. इथनं बाहेर पडलो तर त्याच चुकीच्या पायांनी तुझ्या घाटावर येईन. दाजींना मघाशी फोन करून सांगितलं. त्यांना सगळं समजलं. मग त्यांनी विचारलं, "आणि पिंडाला कावळा शिवला नाही तर? तुमच्या वतीनं काय बोलू?"

मी म्हणालो, "दुसरं काय बी बोलू नका, दाजी. एवढंच म्हणा, संपानं फोन केला."